स्वामी मॅडम आणि मालगाडीची शिटी

स्वामी मॅडम कुणाशी पाठमोऱ्या बोलल्याचं मला आठवत नाही. शाळेत तर नाहीच, पण भाजीवाली, रिक्षावाला, बँकेतला कॅशियर, कुणीही असो, त्या आधी समोर येऊन उभ्या राहायच्या, खांद्याला हलका हात लावायच्या आणि समोरच्याची नजर आपल्या तोंडावर आली की मगच बोलायला लागायच्या. एकेक शब्द सुटा, ओठांची हालचाल स्वच्छ. नवख्या माणसाला वाटायचं, ही बाई आपल्याला बहिरा समजते की काय. एकदा एका रिक्षावाल्यानं तसं विचारलंही होतं. मॅडम म्हणाल्या, तू न्हाईस बाबा, पण माझी सवय आता मोडत न्हाई.

महानंदा स्वामी हे त्यांचं पूर्ण नाव. मूळच्या उदगीरच्या. कपाळावर विभूतीची बोटं, सुती साडी, पायात रबरी चपला आणि आवाज असा की प्रार्थनेला माईक लागायचा नाही. आई कानडी बोलणारी, त्यामुळे मॅडमच्या मराठीत मधूनच कानडी शब्द यायचे. सगळ्यात जास्त यायचा तो ‘साकु’, म्हणजे पुरे. पोरं मस्ती करायला लागली की साकु, मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं की हळूच साकु, आणि ताटात तिसरी भाकरी पडली तरी साकु. डब्यात मात्र रोज धपाटे आणि शेंगाची चटणी आणायच्या आणि अर्धा डबा आम्हा शिक्षकांत वाटून टाकायच्या.

मी लातूरकडच्या मुरुडचा. नांदेडच्या या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत चित्रकला शिकवायला लागलो तेव्हा मला या कामातलं काहीच माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मॅडमनी मला त्यांच्या वर्गातल्या मोठ्या आरशापुढे बसवलं आणि आवाज न काढता ‘प’ आणि ‘ब’ म्हणायला लावलं. आरशात दोन्ही अक्षरं सारखीच दिसली. “आता सांगा सर,” त्या म्हणाल्या, “बहिऱ्या लेकराला ह्यातला फरक कसा कळावा?” मग त्यांनी तोंडापुढे कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हटलं, पट्टी उडाली. एका मुलाचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवून ‘ब’ म्हटलं, मुलाच्या चेहऱ्यावर हसू आलं. गळा थरथरल्याचं त्याला कळलं होतं. एवढ्या एका फरकासाठी त्या महिनोन् महिने खपायच्या.

आमची शाळा शहराच्या कडेला, रेल्वेरुळाला लागून. शाळेसाठी जागा घेतली तेव्हा ती स्वस्त होती आणि बहिऱ्या मुलांना गाडीच्या आवाजाचा काय त्रास, असा साधा हिशोब कुणीतरी केला असावा. मलाही तो पटला असता. पण बहिरी म्हणजे ठार बहिरी, असं बहुतेक मुलांचं नसतं. थोडं ऐकू येतं, आणि कानातलं यंत्र ते थोडं मोठं करून देतं. आमच्याकडची बरीच यंत्रं शिबिरात मिळालेली, साधी. ती बोलणं मोठं करायची तशी मालगाडीची शिटीही मोठी करायची. गाडी शाळेजवळ आली की ड्रायव्हर लांबलचक शिटी वाजवायचा आणि वर्गातली मुलं दोन्ही हातांनी यंत्रं ओढून काढायची. एकदा काढलेलं यंत्र पुन्हा कानात घालायला लहान मूल तयार होत नाही. मग तो तास गेला, कधी तो दिवस गेला.

मॅडमनी आधी आपल्याच हातातला उपाय केला. पालकसभेत त्यांनी आयांना सांगितलं की घरातल्या जुन्या वाकळा आणून द्या. महिनाभरात वर्गाच्या चारही भिंतींवर वाकळा टांगल्या गेल्या. साडीचे काठ, धोतराचे तुकडे, कुणाच्या तरी बाळंतपणातली दुपटी, सगळं भिंतीवर. मुलांना आपापली वाकळ ओळखू यायची आणि ती तिच्याच खाली बसायची. वर्गात घुमणारा आवाज खरंच कमी झाला. मॅडमचं बोलणं मुलांना जास्त स्वच्छ मिळायला लागलं. पण शिटीपुढे वाकळांचं काही चाललं नाही.

त्या वर्षी मंगल नावाची मुलगी आली. इस्लापूरकडची, वडील मारोतराव दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे. पोरगी चलाख होती. यंत्र कानात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ती घंटेच्या आवाजाला वळायला लागली होती. मॅडम तिच्यावर फार खूश होत्या. आणि एका सकाळी मॅडमच्या मांडीवर बसून ती ‘मा’ म्हणायचा प्रयत्न करत असताना खिडकीबाहेरून इंजिन शिटी देत गेलं. मंगल किंचाळली, यंत्र उपसून तिनं फेकलं आणि मॅडमपासूनच लांब पळाली. तिला वाटलं, हा आवाज मॅडमनीच केला. त्यानंतर मॅडम हातात यंत्र घेऊन जवळ आल्या की ती टेबलाखाली जाऊन बसायची. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही.

सुट्टी संपून बरेच दिवस झाले तेव्हा मॅडम मला म्हणाल्या की चला, पोरगी आणायला जाऊ. आम्ही एसटीनं इस्लापूरला गेलो. मारोतरावांचं घर गावाबाहेर शेतात होतं. अंगणात मंगल कोंबड्यांच्या मागे धावत होती आणि तिच्या कानात यंत्र होतं. आम्ही दोघंही जागीच थांबलो. आईनं घरातून हाक मारली तशी पोरगी मागे वळली. मग तिनं चमचा घेऊन पातेल्यावर मारला, ऐकलं, हसली, पुन्हा मारला.

मारोतरावांनी आम्हाला बाजेवर बसवलं, चहा दिला. भांडायचा सूर नव्हता त्यांचा.

“मॅडम, हितं दिवसभर कानात ठेवतंय लेकरू,” ते म्हणाले. “तिथं न्हाई ठेवत. मग तुमीच सांगा, शाळा कुटं बरी?”

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. घरी राहिली तर पोरगी आवाज ऐकेल, पण बोलायला शिकणार नाही, आणि शिकायचं वय हातातून निघून जाईल. हे त्यांना माहीत होतं. पण बापाचं म्हणणंही खोटं नव्हतं.

“मारोतराव,” त्या म्हणाल्या, “लेकरात खोट न्हाई, यंत्रातबी न्हाई. आमच्या जागेत हाय. मी जागा दुरुस्त करते. दुरुस्त झाली की मी सांगावा धाडते, मग पाठवा.”

मग त्यांनी मंगलच्या आईला जवळ बसवून घेतलं आणि पोरीच्या समोर बसून कसं बोलायचं, काम करता करता वस्तूंची नावं कशी घ्यायची, ते दाखवलं. निघेपर्यंत दुपार कलली होती. परतीच्या वाटेवर भोकर आलं. मॅडम म्हणाल्या, “बोलून तर बसले सर. आता करावंच लागतंय.” आणि पिशवीतून धपाटे काढले.

मग आम्ही दोघं रेल्वेच्या कार्यालयात गेलो, मॅडम कायद्याचे कागद घेऊन. शाळा आणि दवाखान्याभोवतीचा भाग शांततेचा मानतात, हे त्यांनी अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. अधिकारी तेलुगू होते, मराठी मोडकंतोडकं पण मनापासून बोलायचे. त्यांनी अर्ज वाचला आणि जरा घुटमळत विचारलं की शाळा बहिऱ्या मुलांची आहे ना? मॅडमना हा प्रश्न येणार हे ठाऊक होतंच. त्यांनी पिशवीतून एक यंत्र आणि डॉक्टरांच्या नळीसारखी एक नळी काढली. मुलांच्या यंत्रातून काय ऐकू येतं हे तपासायला शिक्षक ती वापरतात. साहेबांनी ती कानाला लावली. मॅडमनी टेबलावरचा स्टीलचा पेला उचलून साधा खाली ठेवला. साहेबांनी दचकून नळी काढली.

“हा पेला हाय,” मॅडम म्हणाल्या. “इंजिन न्हाई.”

साहेबांनी चहा मागवला आणि आपली बाजू समजावून सांगितली. शाळेजवळ पूर्वी फाटक होतं. ते बंद करून रुळाखालून बोगदा केला, म्हणजे रहदारी खालून जावी आणि शिटीचं कारणच राहू नये. पण फाटक गेलं तरी माणसं तिथूनच रूळ ओलांडत राहिली. कुंपण घातलं, ते कुणीतरी कापलं. शेवटी तिथं शिटी वाजवायची पाटी पुन्हा लावावी लागली. ड्रायव्हरला कुणाला छळायची हौस नसते, ते म्हणाले. रुळावर माणूस दिसलं की त्याचा हात आपोआप तिकडे जातो. एक ड्रायव्हर ड्युटी संपवून याच खोलीत येऊन बसला होता. त्याच्या गाडीखाली माणूस आलं होतं. शिटी बंद करा असं मी लिहून दिलं आणि उद्या एखादी बाई गेली, तर मी काय सांगू, असं साहेबांनी विचारलं.

मॅडम ऐकून घेत होत्या. मग साहेबांनी सहज विचारलं, “मॅडम, आज तुम्ही शाळेतून कुठल्या रस्त्यानं आलात?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. “रुळावरून,” त्या म्हणाल्या.

शाळेतून बसस्टॉपला जायला तोच रस्ता जवळचा, आम्ही सगळेच तसे जायचो. मॅडमनी कायद्याचे कागद गोळा करून पिशवीत घातले आणि एवढंच विचारलं की माणसं रुळावर यायची थांबली तर शिटीची पाटी निघेल का. साहेबांनी सांगितलं की काही महिने तिथं कुणी दिसलं नाही, तर मी स्वतः पाहणी लावतो. मॅडम उठल्या. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्या जागी रुळावर पाय ठेवला नाही.

पण बोगद्यातून जाणं सोपं नव्हतं, हे पहिल्याच दिवशी कळलं. आत गुडघ्याला लागेल एवढं पाणी साचलेलं, दिवे नाहीत, वास असा की श्वास कोंडावा. पलीकडच्या वस्तीतल्या बायका बाजाराला जायला रूळच ओलांडायच्या. मॅडम वस्तीत गेल्या आणि बायकांना गोळा करून बोलायला लागल्या तेव्हा गंगाबाई नावाच्या भाजीवालीनं त्यांना मधेच थांबवलं. “तुमच्या शाळेपायी आमी डोक्यावर पाटी घेऊन त्या घाणीतून जायचं का? अंधारात कुनी हात धरला म्हंजे?” बाकीच्या बायकांनी माना हलवल्या.

मॅडमनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वस्तीत हजर झाल्या आणि गंगाबाईंना म्हणाल्या की चला, आज मी तुमच्यासंगं येते. गंगाबाईंची मेथीच्या जुड्यांनी भरलेली पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली, साडी खोचली आणि बोगद्यात उतरल्या. मधे त्यांचा पाय घसरला, मेथी पाण्यात गेली. बाहेर आल्या तेव्हा कमरेपर्यंत भिजलेल्या होत्या. भिजलेल्या मेथीचे पैसे द्यायला लागल्या तर गंगाबाईंनी घेतले नाहीत. त्या हसत होत्या. त्या दिवसापासून त्या दोघींची मैत्री जमली ती कायमची. मॅडमनी त्यांना शब्द दिला की बोगदा कोरडा आणि उजेडाचा झाल्याशिवाय मी तुम्हाला खालून जा म्हणणार नाही.

आता अडचण अशी की बोगद्यातलं पाणी कुणी काढायचं हेच ठरेना. महापालिकेत गेलं की बोगदा रेल्वेचा. रेल्वेत गेलं की बोगदा आमचा, पण पाणी जायची नाली बाहेरची, ती महापालिकेची. दोन्हीकडे लोक सौजन्यानं बोलायचे आणि दोन्हीकडचं खरंही होतं. मॅडम चार-सहा खेटे घालून आल्या आणि एक दिवस शिक्षकांच्या बैठकीत म्हणाल्या की साकु. या वर्षी स्नेहसंमेलनाला दोन प्रमुख पाहुणे बोलवू.

पाहुणे म्हणून रेल्वेचे ते साहेब आले आणि महापालिकेचे अभियंता आले. दोघांना निमंत्रण देताना मॅडमनी सांगून ठेवलं होतं की गाड्या पलीकडे थांबतील, तिथून मुलं तुम्हाला वाजतगाजत आणतील. पलीकडे म्हणजे बोगद्याच्या पलीकडे. आमच्या मुलांचं लेझीम फार सुंदर. ढोलाची थाप त्यांना पायातून कळते. मुलं दोन रांगांत लेझीम खेळत पुढे निघाली, मागे दोघे पाहुणे गळ्यात हार घालून, आणि मिरवणूक सरळ बोगद्यात शिरली. मॅडमनी मुलांसाठी दोन्ही कडांना विटा रचून वाट करून ठेवली होती, पाहुण्यांसाठी नव्हती. मी दोघांच्या मागेच होतो. अंधारात रेल्वेचे साहेब थांबले, त्यांनी आपल्या पँटकडे पाहिलं, अभियंत्यांच्या पँटकडे पाहिलं. वर गाडी आली. शिटीनं बोगदा भरून गेला आणि पुढची सगळी मुलं लेझीम टाकून कानाला हात लावून उभी राहिली. ते दृश्य मॅडमनी ठरवलेलं नव्हतं. दोघेही पाहुणे त्या मुलांकडे बघत पाण्यात उभे राहिले. बाहेर आल्यावर नाली कुणाची यावर एक शब्दही झाला नाही. भाषणात दोघांनी आपापल्या वाट्याचं काम सांगून टाकलं.

उन्हाळ्यात नाली खोल झाली, पंप बसला, दिवे लागले. गंगाबाई आणि वस्तीतल्या बायका खालून जायला लागल्या. त्यांना ते बरंच पडलं, डोक्यावरचं ओझं घेऊन खडी तुडवायला नको. पुरुष मात्र ऐकेनात. मॅडम रोज सकाळी शाळेआधी कुंपणाच्या त्या फटीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. रागवायच्या नाहीत. येणाऱ्याच्या समोर जाऊन नमस्कार करायच्या, नाव विचारायच्या, घरी लेकरं किती हे विचारायच्या आणि बोलत बोलत त्याला बोगद्याच्या तोंडापर्यंत सोडून यायच्या. ऊन असो, पाऊस असो. शेवटी लोकांना त्यांची लाज वाटायला लागली. लांबूनच त्यांची साडी दिसली की माणसं आपणहून खाली वळायची. काही दिवसांनी मॅडम आजारी पडल्या तर त्यांच्या जागी गंगाबाई उभ्या राहिल्या, आणि गंगाबाईंची पद्धत नमस्काराची नव्हती. उरलेले लोक त्या आठवड्यात सुधारले.

साहेबांनी शब्द पाळला. पाहणी झाली, फटीला पक्की भिंत आली आणि रेल्वेची माणसं येऊन शिटीची पिवळी पाटी उपटून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या वर्गात फळ्यावर चित्र काढत होतो. गाडी आली. जमीन हलली, चाकांचा खडखडाट झाला, खिडकीचं तावदान थरथरलं आणि गाडी निघून गेली. मुलं मॅडमच्या ओठांकडे बघत होती, ती तशीच बघत राहिली. एकाही मुलाचा हात कानाकडे गेला नाही. मॅडमनी चाललेला शब्द पूर्ण केला, पुढचा घेतला. तास संपल्यावर मात्र त्या बाहेर जाऊन पायरीवर बसल्या आणि डोळे पुसत बसल्या. मला बघून म्हणाल्या, “सर, मारोतरावाला फोन लावा.”

मंगल आली. आरशापुढे बसायला तिनं काही दिवस घेतले, पण यंत्र काढलं नाही. मॅडम निवृत्त झाल्या त्या वर्षी ती वाक्यं बोलत होती. निरोपाच्या समारंभात तिनं माईकवरून मॅडमचं पूर्ण नाव घेतलं. उच्चार सगळे स्वच्छ नव्हते. ‘स्वामी’तला ‘स्वा’ अडला, तिनं पुन्हा घेतला. मारोतराव मागच्या रांगेत उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

निवृत्तीनंतर मॅडम लातूरला मुलाकडे गेल्या. मला त्या शेवटच्या दिसल्या अहमदपूरच्या स्टँडवर. मी गावाकडून नांदेडला परत निघालो होतो, त्या तिथंच राहणाऱ्या बहिणीला भेटून लातूरला चालल्या होत्या. थकल्या होत्या, पण बोलणं तेच. आता लातुरात काय करता म्हटलं, तर म्हणाल्या की दवाखान्यात बसते. बाळांचे कान तपासायला आया येतात, लेकराला ऐकू येत नाही म्हटलं की रडायला लागतात. त्यांच्याजवळ बसायला कुणीतरी पाहिजे. मंगलची चौकशी केली, वाकळा धुता का म्हणून विचारलं, भिंतीवर धूळ बसली तर लेकरं खोकतील म्हणून दम दिला. पुढच्या महिन्यात घरी या म्हणाल्या, मी येतो म्हटलं. ते जाणं झालं नाही. हिवाळ्यात मॅडम गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला.

त्या दिवशी स्टँडवर त्यांची लातूरची गाडी लागली तेव्हा मी त्यांना खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून उभा राहिलो. लग्नसराईचे दिवस, स्टँडवर कल्ला चाललेला. कर्ण्यावरून गाड्यांची नावं, कंडक्टरांच्या शिट्ट्या, शेंगा आणि पाणी विकणाऱ्यांची ओरड, मागची गाडी सारखी हॉर्न मारत होती. गाडी हलली तेव्हा निरोप घ्यायला म्हणून मी खिडकीपाशी सरकलो. पिशवी मांडीवर धरून, गजाला डोकं टेकून मॅडम त्या सगळ्या कल्ल्यात गाढ झोपल्या होत्या.